सोळा टोकांची चांदणी

मनोरमाने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद अंगणात अंथरला, त्यावरून रांगोळीची मूठ फिरवली आणि कागद अलगद उचलला. ठिपके सरळ उमटले होते. सोळा टोकांची चांदणी तिने महिनाभर मनात घोळवली होती. तिची चार टोकं शेजारच्या अंगणात शिरणार होती.

पिपलानीतल्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टर्सच्या या रांगेत दिवाळीला सगळ्यांची मिळून एकच लांबलचक रांगोळी असे. महिला मंडळाच्या अलकाताई नक्षी ठरवत. यंदा मनोरमाने बैठकीत दंड थोपटले. "ज्याचं अंगण त्याची मर्जी. कुणी कुणाला सांगायचं नाही." बाई होतीच तशी. मंगळावरच्या वस्त्यांच्या कादंबऱ्या वाचायची; त्यातही जिथे राजा नाही, मंत्री नाही, अशी वस्ती सापडली की खूश. टीव्हीवर कुठलाही पक्ष लोकांचं भलं करायला निघाला की आवाज बंद करायची.

"आणि राहतेस सरकारी क्वार्टरमध्ये," तिचा नवरा यशवंत दर वेळी म्हणे. त्यावर ती हसून चहा टाकायला जाई.

आता तिने मान वर केली, तर शेजारची नेहा गेरूने सारवलेल्या जमिनीवर भिजवलेल्या पांढऱ्या खडूने मांडणा, म्हणजे तिच्या माहेरकडची वेलबुट्टीची रांगोळी, काढत होती. ही उज्जैनची मुलगी लग्न होऊन नुकतीच इथे आली होती. ठिपक्यांचा हिशेब तिच्या गावीही नव्हता. तिचे वेल वळणं घेत थेट हद्दीला येऊन भिडले होते. चांदणीला तिकडे जागाच उरली नव्हती.

मनोरमाला राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. मोकळीक सगळ्यांना मिळवून दिली होती खरी. पण मोकळे सोडलेले सगळे हात शेवटी आपल्याच चांदणीपाशी येतील, असं ती धरून चालली होती.

तिचा चेहरा पाहून नेहा थांबली.

"काकू, तुमची डिझाइन इकडे येणार होती का? बताइए ना. अजून गीलं आहे, पुसून टाकते मी."

एक 'हो' पुरे होता. यात जबरदस्ती कुठली, पोरगी आपण होऊन म्हणत होती. दारात यशवंतने हातातला पेपर खाली केला.

"नको गं, राहू दे," मनोरमा म्हणाली.

तिने फडकं घेतलं आणि हद्दीजवळचे आपलेच ठिपके पुसले. जीव हळहळला. मग तिने पाट उचलून नेहाच्या बाजूला सरकवला आणि बैठक मारली.

"हा तुझा वेल पुढे कुणीकडे वळतो?"

"पता नहीं, काकू. हात जाईल तिकडे."

मनोरमाने चिमटीत रांगोळी घेतली. तिला एकदम बरं वाटलं.

"मग काढ तू," ती म्हणाली. "मी तुझ्या मागून येते."