मुरमाची जागा

दीक्षाने दुसरी फ्लॉपी आत सरकवली आणि यंत्र घरघरू लागलं. रंगुबाई दोन पावलं मागे सरल्या.

"रागावलंय व्हय?"

"नाही मावशी, वाचतंय."

सांगलीच्या कॉलेजातली ही संगणकाची खोली म्हणजे देवघरच. चपला बाहेर, पडदे ओढलेले, आणि मुलांच्या वर्गात धड पंखे नसताना यंत्रांना मात्र एसी. दीक्षा इथे स्थापत्य शिकवायची. तिच्या सरांनी परदेशातून आणलेला हा प्रोग्राम जमिनीचा उतार, छपरांचं क्षेत्रफळ, पाऊस, माती असं सगळं विचारायचा आणि पावसाच्या पाण्याचं काय करावं ते सुचवायचा. गटार बांधा, तळं करा, नाहीतर जागच्या जागी जिरवा. सत्त्याण्णव सालच्या त्या मे महिन्यात ते पाहून भलेभले तोंडात बोट घालत होते.

तालुक्याच्या गावातल्या ओढ्यालगतच्या वस्तीसाठी या प्रोग्रामने सिमेंटचा नाला सुचवला होता. नाल्याच्या रेषेत अकरा घरं येत होती, आणि ती पाडावी लागणार होती. पालिकेचे ओव्हरसियर आप्पासाहेब वस्तीत सांगायला गेले. "आमचं काय न्हाई, कॉम्प्युटरनं सांगितलंय," म्हणाले. तेव्हा गर्दीतून रंगुबाई बोलल्या होत्या, "मग त्याचीच गाठ घालून द्या की." आप्पासाहेबांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या गाडीसाठी त्या एसटी स्टँडवर त्यांच्या आधी हजर होत्या.

"आवं, तुमचं घर तर वाचतंय," आप्पासाहेब आताही कुरकुरले. "वरच्या टोकाला हाय. तुमी कशाला एवढी धावपळ करताय?"

"बाकीच्या कामावर गेल्यात. माझं गुडघं गेल्यालं, म्हणून मी रिकामी."

दीक्षाला हसू आलं. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटायचा, ती मराठीत सांगायची आणि रंगुबाई उत्तर द्यायच्या. पण दीक्षाकडे बघून नाही, यंत्राकडे बघून.

"पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळ साचून राहतं?"

"कुठलं?"

दीक्षा थांबली. "म्हणजे?"

"खालच्या अंगाला तीन दीस. मधी दीड दीस. वरच्या कोपऱ्यात मातूर ठरतच न्हाई. पावसाळ्यात उघडीप मिळाली की समद्या बाया शेणी तिथंच थापत्यात. खाली थापल्या तर वाळायच्या आधी बुरशी येती."

"तिथली माती कशी आहे?"

"वर वीतभर काळी, खाली मुरूम. आमच्या मालकानं हिरीसाठी खणलं हुतं. दोन पुरुस खोल गेला, मुरूमच. पाणी काय लागलं न्हाई."

दीक्षाचे कान तापले. चूक तिचीच होती. अख्ख्या वस्तीसाठी तिने 'काळी माती' हे एकच उत्तर भरलं होतं. नमुना एकाच खड्ड्यातला होता, आणि तो खड्डाही जीप जाते तिथवर, रस्त्याच्या कडेला घेतलेला. आणखी नमुने आहेत का, असं यंत्राने विचारलं होतं. तिने 'नाही' म्हणून बटण दाबलं होतं. आणि इथे शाळेची पायरी न चढलेली ही बाई चाळीस वर्षं शेणी थापता थापता सगळ्या वस्तीचं पाणी डोक्यात साठवून बसली होती. दीक्षा थक्क झाली आणि तितकीच शरमली.

रंगुबाईंना मात्र कौतुक यंत्राचं.

"इतकी वर्सं सायेब येत्यात आन सांगून जात्यात. ह्यो इचारतोय. लय शाणा हाय."

दीक्षाने मातीचं उत्तर बदललं. यंत्र बराच वेळ घरघरलं. मग नाला यादीतून गेला. रस्त्याकडून येणारं पाणी वस्तीत शिरण्याआधी वरच अडवा, तीस बाय चाळीस फुटांचं तळं करून मुरमात जिरवा, असं पडद्यावर आलं.

आप्पासाहेब खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे अकराच्या अकरा घरं वाचली?"

"अकराच्या अकरा."

आप्पासाहेबांनी यंत्राला चक्क हात जोडले.

दीक्षाने टेबलावर वस्तीचा नकाशा पसरला. "मावशी, मुरूम नेमका कुठे आहे? बोट ठेवा."

रंगुबाईंनी ओढा कुठला, रस्ता कुठला ते विचारून घेतलं. नकाशा आपल्या बाजूला फिरवला आणि वरच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनावर बोट टेकवलं.

"हे कुणाचं घर?"

आप्पासाहेबांनी वाकून नंबर पाहिला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ह्यांचंच."

दीक्षा नकाशावर वाकली. "आजूबाजूला कुठे मुरूम नाही?"

"असता तर सांगितलं नसतं व्हय?"

"तुम्ही गप्प बसला असता, तरी मला कळलं नसतं मावशी."

"त्यानं इतकं नीट इचारलं. त्याच्यासंगं खोटं कसं वागायचं?"

पडद्यावर पुढचा प्रश्न येऊन थांबला होता. दीक्षाने तो वाचला, पण बटण दाबलं नाही.

"आता काय म्हणतंय?" रंगुबाईंनी विचारलं.

"जागा मोकळी आहे का, विचारतंय."

रंगुबाई पडद्याकडे वळल्या.

"मिरगाच्या पावसाला किती दीस हायत?"

"पंधरा."

"मग तवर व्हईल मोकळी म्हणावं."