वाघाचं स्टिकर

लुसी टीचर त्या दिवशी खोटं बोलली असती तर मला इतकी लाज वाटली नसती. ती खरं बोलली. खोटा मी होतो, आणि मी तर तोंडच उघडलं नाही. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर आधी कळस मग पाया व्हायचं.

मी जयराम, वसईजवळच्या उमेळ्याचा. एक्क्याण्णव साली वसई स्टेशनच्या पश्चिमेला 'जयराम स्पोर्ट्स' काढलं. बॅटी, फुटबॉल, हॉकीच्या स्टिका, तुंगारेश्वर चढायला जाणाऱ्यांच्या सॅक. माल मुख्यतः 'शार्दूल' कंपनीचा. त्यांचं चिन्ह म्हणजे झेप घेणारा भगवा वाघ. आमच्या भागातली पोरं कंपनीचं नाव घ्यायचीच नाहीत. "वाघवाली द्या," एवढंच म्हणायची.

माझी एक रीत होती. हॉकी स्टिक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी तिचं वाकडं टोक मी दुकानाच्या दगडी पायरीवर तीनदा आपटायचो. चांगलं तुतीचं लाकूड असलं की आवाज खणखणीत येतो. आत चीर असली की बसका येतो, आणि बसकी स्टिक मी विकत नसे. कंपनीला परत. लोक मुद्दाम थांबून आवाज ऐकायचे. त्याचा मला माज होता, उगाच कशाला नाही म्हणू?

दोन हजार दोनमध्ये शार्दूल दुसऱ्या एका बड्या कंपनीत विलीन झाली. हे मला कळलं कौस्तुभकडून. कौस्तुभ त्यांचा या पट्ट्यातला माणूस, दहा वर्षं दर महिन्याला ऑर्डर घ्यायला यायचा आणि माझ्या बायकोच्या, कमळीच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन जायचा. त्या दिवशी जेवायला बसला नाही. उभ्या उभ्याच पत्र दिलं.

"जयरामशेठ, हजार फुटांच्या खाली ज्यांची जागा आहे त्यांना आता माल नाही. नवी पॉलिसी. मुंबईत मॉलमध्ये मोठी शोरूम काढतायत."

"अरे, माझं दुकान दोनशे फुटांचं. मी काय भिंती ताणू?"

"मी तरी काय करू? माझीच नोकरी राहते की नाही माहीत नाही," तो म्हणाला आणि गेला. मी त्याच्या मागे दोन शिव्या हासडल्या. त्या त्याला लागू नव्हत्या, पण कंपनीला ऐकू कशा जाणार?

वर्षभरात माझ्यासारखंच छोटं असलेल्या विरारच्या खेळाच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन आलं. आगाशीच्या बाजारातला ॲन्सेल्मही शार्दूलचाच दुकानदार, त्याने बॅटींच्या जागी प्लास्टिकच्या बादल्या टांगल्या. माझी फळी रिकामी होत चालली होती आणि मी रोज सकाळी तीच ती उरलेली चार पॅडं पुसत बसायचो.

अशात जूनमध्ये लुसी टीचर आली. आगाशीकडच्या एका मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवायची. मुलींच्या हॉकीचा संघ तिने शून्यातून उभा केला होता, आणि बारा वर्षं त्यांच्या सगळ्या स्टिका माझ्याकडूनच जायच्या. "जयरामभाऊ, पंधरा स्टिका हव्यात. यंदा पोरी जिल्ह्याला जाणार," ती म्हणाली.

माझ्याकडे एकही नव्हती. आणि मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात या."

हे का म्हणालो? तर नाही म्हणायचीच लाज वाटली म्हणून. बारा वर्षांत तिला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. ही एक लाज टाळायला मी दुसरी केवढी अंगावर ओढून घेतली ते पुढे ऐकाच.

नालासोपाऱ्याला एका गाळ्यात एक जण हॉकी स्टिका बनवायचा. टोक आणि दांडा वेगळे कापून फेव्हिकॉलने जोडलेले, वर पॉलिश. पोरांनी बिल्डिंगखाली टेनिसच्या बॉलने खेळायला ठीक. त्या मी पंधरा आणल्या. कंपनी पूर्वी प्रत्येक खोक्याबरोबर पोरांना फुकट वाटायला स्टिकर द्यायची, त्याचा एक गठ्ठा माळ्यावर पडून होता. मी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि एकेका स्टिकवर वाघ डकवला.

कमळी डबा घेऊन आली, बघत उभी राहिली.

"ह्या कंपनीच्या नाय ना?"

"कोणाला कळतंय?"

"दुसऱ्या कोनाला नाय कलला तरी तुमाला कलतं ना?" ती म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. चूक आपली असली की आवाज आपोआप चढतो. ती डबा ठेवून निघून गेली.

टीचर आली तेव्हा मी स्टिका आधीच सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. तिने एक ओढून काढली, वाघावरून अंगठा फिरवला. मग पायरीकडे बघितलं. मी आवाज ऐकवीन म्हणून ती जरा थांबली. मी बिल फाडण्यात गुंग असल्याचं नाटक केलं. "बरं," म्हणून तिने गठ्ठा रिक्षात टाकला.

नोव्हेंबरात जिल्ह्याचा सामना झाला. मी बघायला गेलो नव्हतो, धीरच नव्हता. बातमी संध्याकाळच्या आत स्टेशनपर्यंत पोहोचली. जागृती नावाच्या मुलीची स्टिक फटका मारताना जोडातून निखळली, टोक उडालं आणि तिच्याच भुवईवर बसलं. सात टाके पडले. डोळा वाचला. डोळा वाचला हे मी देवापुढे किती वेळा म्हणालो असेन, त्याला गणती नाही.

चार दिवसांनी शाळेत पालकांची सभा झाली. मलाही बोलावणं होतं. मी शेवटच्या बाकावर बसलो. मुलींचे बाक ते, माझे गुडघे मावत नव्हते. पुढे मुख्याध्यापिका सिस्टर मेरी, बाजूला लुसी टीचर. जागृतीचा बाप कल्पेश उभा राहिला. बोलताना त्याचा आवाज फाटत होता. "माझी पोरगी आंधळी झाली असती. मला फक्त एवढंच सांगा, ही चूक कोणाची?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. "जयरामभाऊ, माल कंपनीचाच होता ना?"

माझी पाचावर धारण बसली. सांगून टाक, मन म्हणत होतं, आत्ता सांगून टाक. पण सांगितलं की बारा वर्षांचं नाव गेलं, उरलंसुरलं दुकान गेलं, उद्या वसईत कोणी दारात उभं करणार नाही. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. फरशीवर कोणीतरी शाईने फूल काढलं होतं.

तेवढ्यात लुसी टीचर उठली. "स्टिका मी निवडल्या. पोरींच्या हातात द्यायच्या आधी तपासणं माझं काम होतं. मी तपासल्या नाहीत. चूक माझी."

आणि खरं सांगू? मला पहिल्यांदा लाज वाटली नाही. मला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. थू माझ्या जिंदगानीवर!

मग आवाज उठले. कल्पेश तिला नको ते बोलला. अर्ध्या तासात ठरलं, हॉकीचा संघ दुसऱ्या टीचरकडे द्यायचा आणि यापुढे सामान फक्त मॉलमधल्या कंपनीच्या शोरूममधूनच आणायचं. लुसी टीचरने वहीत सही केली.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. लोक अजून आत बोलत होते.

"टीचर, तुम्ही माझ्यासाठी कशाला खोटं बोललात?"

"मी कुठे खोटं बोलले?" ती म्हणाली. "कंपनी विकली गेली तेव्हाच त्यांनी वाघ काढून टाकला, भाऊ. त्यांच्या नव्या मालावर आता नुसतं नाव असतं. जुन्या वाघाची कोरी करकरीत स्टिक आठवड्याभरात तुमच्याकडे कुठून येणार? दुकानातच कळलं होतं मला."

"मग घेतल्यात कशाला?"

"वाटलं, तुमचं दुकान चालत नाहीये. एवढ्या वर्षांचा माणूस, तोंडावर कसं म्हणू? म्हटलं सरावाला वापरू, सामन्यापर्यंत चांगल्या आणू. मग राहून गेलं. तुमची लाज राखायला मी पोरींच्या हातात त्या स्टिका दिल्या. म्हणजे चूक माझीच ना?"

तिचे डोळे भरले होते, पण ते माझ्यासाठी नव्हते. ती मैदानाकडे बघत होती. तिथे तिच्या पोरी तिच्याविना उभ्या होत्या.

मला राहवलं नाही. "टीचर, मी आत जातो. आत्ता सगळं सांगतो. सिस्टर आहेत, कल्पेश आहे, सगळे आहेत. संघ तुम्हाला परत मिळेल."

हे बोललो तेव्हा मनापासून बोललो, शपथ घेतो. पण मनाच्या कोपऱ्यात मी वाट बघत होतो. बारा वर्षं ओळखतो मी तिला, मऊ बाई आहे. ती म्हणेल, राहू दे भाऊ, झालं ते झालं. मग मी जरा आग्रह करीन, ती हात धरील, आणि दोघं मोकळे होऊ.

ती म्हणाली, "जा."

एवढंच. रागाने नाही, टोमणा म्हणून नाही. बाजूला होऊन तिने मला दाराकडे वाट करून दिली.

दार चार पावलांवर होतं. आतून कल्पेशचा आवाज येत होता. मी एक पाऊल टाकलं, मग म्हणालो, "स्कूटर उन्हात आहे, जरा सावलीत लावून येतो."

तिने मान हलवली. मी पायऱ्या उतरलो, स्कूटरपाशी गेलो. पहिल्या किकला स्कूटर सुरू झाली नाही. दुसऱ्या किकलाही नाही. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, पण ती तिथेच उभी आहे हे माझ्या पाठीला कळत होतं. तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली आणि मी शाळेच्या फाटकातून बाहेर पडून घरी गेलो.