गिरणीचा ओरडणारा पट्टा

मित्रांनो, पिंपळगाव राजा या गावच्या गिरणीत मागच्या भिंतीला खुंटीवर चामड्याची एक काळपट गुंडाळी टांगलेली आहे. तिच्यावर पिठाचा थर असतो आणि कधीमधी एखादी पाल बसलेली असते. ती गुंडाळी म्हणजे मी, गिरणीचा जुना पट्टा. इंजिनाच्या चाकावरून चक्कीच्या चाकावर आणि तिथून परत, एवढाच माझा रस्ता होता. पण त्या रस्त्यावर मी इतकं धावलो, की सरळ धावलो असतो तर काशीला जाऊन आलो असतो.

मला म्हशीच्या कातड्यापासून बनवलं. कातडं कमावणाऱ्यांचे आणि शिवणाऱ्यांचे चेहरे आता आठवत नाहीत. आठवतं ते खामगावचं दुकान. तिथे सरकीच्या आणि तेलाच्या वासात मी वर्षभर कोपऱ्यात पडून होतो. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षी गिरणीचे मालक पुंजाजी दुकानात आले. त्यांनी मला उलगडलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं आणि म्हणाले, "हाच द्या." एवढ्या ढिगातून त्यांनी मला निवडलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुंजाजींची गिरणी म्हणजे शेताच्या कडेला टिनाची शेड. एका टोकाला दगडी ओट्यावर इंजिन, दुसऱ्या टोकाला चक्की आणि मधे मी. पुंजाजी दळत, त्यांची बायको कोकिळा डबे लावून घेई. इंजिन मोठं खोडील होतं. एकदा बंद पडलं की दहा-दहा वेळा हँडल मारावं लागे, तेव्हा कुठे ते खोकत खोकत सुरू होई. म्हणून पुंजाजी ते सकाळी सुरू करत आणि शेवटचा डबा होईपर्यंत बंद करत नसत. गावात त्याचं कौतुकच होतं. "पुंजाजीची गिरणी मधात थांबत नाही," असं लोक अमडापूरच्या बाजारापर्यंत सांगत. दसऱ्याला इंजिनाबरोबर मलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळे. अशी सहा वर्षं मजेत गेली.

सातव्या वर्षी घात झाला. आमच्याकडची काळी जमीन कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. त्या चैत्रात भेगा थेट शेडच्या आत आल्या आणि इंजिनाचा ओटा एका बाजूने दोन बोटं खचला. वरून कुणाला काही दिसलं नाही. मला मात्र पहिल्याच फेरीत कळलं. इंजिनाचं चाक एकीकडे बघत होतं आणि चक्कीचं दुसरीकडे. मी तिरका ओढला जाऊ लागलो, माझा काठ घासू लागला आणि घासला की मी ओरडू लागलो. चींऽऽ चींऽऽ.

ओटा खचला आहे, हे मला सांगायचं होतं. पण पट्ट्याला तोंड कुठे असतं? ओरडणं तेवढं होतं, आणि त्याचा अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा होता.

पुंजाजींनी तो त्यांच्या परीने लावला. पट्टा ओरडला म्हणजे तो चाकावर घसरतो आहे आणि घसरणाऱ्या पट्ट्याला राळ टाकायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यात खोटं काही नाही. घसरणाऱ्या पट्ट्याला राळ खरोखर गुण देते, ती चिकट असते. पण मी घसरत नव्हतो. पुंजाजी राळेची पूड चिमटीत घेऊन माझ्यावर टाकत, आणि तीसुद्धा मी धावत असताना, कारण इंजिन तर थांबवायचं नव्हतं! मी घटकाभर गप्प बसे आणि मग आधीपेक्षा मोठ्याने ओरडे. एकदा त्यांनी मला चार बोटं कापून पुन्हा शिवलं. त्याने मी आवळलो आणि काठ जास्तच घासू लागला. एकाने एरंडेल सुचवलं, तेही झालं. सगळे उपाय माझ्यावर चालले होते आणि दुखणं माझं नव्हतंच.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दोन दिवसांवर आली. पुरणपोळीचे गहू दळायला बायांची रांग शेडबाहेरच्या चिंचेच्या झाडापर्यंत गेली होती. रांगेत पुढे भाजीवाल्या तानाबाई होत्या. वय झालं होतं, पण कान तिखट.

"पुंजाजी भाऊ, मशीन बंद करून पाहा ना एकडाव. हे बरं नाही ओरडून राह्यलं."

"तानाबाई, मी तुमच्या वांग्याच्या वाफ्यात येतो का शिकवाले?" पुंजाजी म्हणाले. सगळ्या हसल्या.

कोकिळा हसली नाही. "अजी, खरं म्हणून राह्यल्या त्या. बंद करा."

"आन् चालू कोण करन? एवढ्या बायायचं दळण राह्यलं. सणाच्या टायमाले गिरणी बंद ठेवू?"

तेवढ्यात मी पुन्हा ओरडलो. पुंजाजी माझ्याकडे वळले आणि लाडाने रागावले, "काऊन बे, पोट नाही भरलं तुयं? घे." त्यांनी राळेची चिमूट घेतली.

मित्रांनो, त्या क्षणी मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडलो. 'दूर व्हा,' असं मी ओरडत होतो. त्यांना ऐकू आलं, 'अजून टाका.' मी जितका ओरडलो तितका तो हात जवळ आला. महिनाभराच्या राळेने माझं अंग चिकट झालं होतं. सदऱ्याची बाही मला चिकटली. मला थांबायचं होतं, पण पट्ट्याला थांबता येत नाही. इंजिन ओढेल तिकडे त्याने जायचं. मी त्यांचा उजवा हात चाकाकडे घेऊन गेलो.

कोकिळेने धावत जाऊन इंजिनाच्या तेलाची चावी बंद केली. गिरणी मधात थांबली. खामगावच्या दवाखान्यात पुंजाजींचा जीव वाचला, पण तीन बोटं गेली.

चौथ्या दिवशी कोकिळेचा भाऊ गुलाबराव आला. तो खामगावच्या कापसाच्या जिनात फिटर होता. त्याने मला हातसुद्धा लावला नाही. एक सुतळी मागितली, तिचं टोक कोकिळेला चक्कीच्या चाकावर धरायला लावलं आणि दुसरं टोक ताणून इंजिनाच्या चाकापर्यंत नेलं. सुतळी चाकाच्या एका काठाला टेकली आणि दुसऱ्या काठापासून दोन बोटं दूर राहिली.

"पाय ताई, पट्ट्याचा कसूर नाही. ओटा बसला."

कोकिळा त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे पाहाले किती येळ लागते, दादा?"

"मशीन बंद असली तं?" गुलाबराव खाली बघत म्हणाला. "एक बिडी ओढाले लागते तेवढा."

कोकिळा सुतळी हातात घेऊन तिथेच खाली बसली आणि मग रडली. चार दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

ओटा खोल खणून, मुरूम भरून नव्याने बांधला. पट्टाही नवा आला. मला पुन्हा चढवायला कोकिळा तयार नव्हती आणि फेकायला पुंजाजी तयार नव्हते, म्हणून मी खुंटीवर आलो. कुणी हाताचं विचारलं की पुंजाजी माझ्याकडे मान करून म्हणतात, "त्यानं सांगतलं होतं. म्याच नाही आयकलं." त्यांनी मला एकदा तरी शिवी द्यावी, असं फार वाटतं. मी ओरडलो नसतो तर तो हात माझ्याकडे आलाच नसता, हे मी त्यांना कधीच सांगू शकणार नाही. आता तर मला ओरडताही येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. यंत्र ओरडलं तर त्याला गप्प करायची घाई करू नका. आधी ते बंद करा आणि मग कुठे दुखतं ते बघा. पुन्हा सुरू करायला त्रास पडेल, पडू द्या. त्या दिवशी चिंचेपर्यंत रांग होती. हँडल मारायला हात कमी नव्हते.