रॅम्पवरचा मोर

व्हीलचेअरवर बसणाऱ्या ॲडव्होकेट दिपालीताईंनी तीन वर्षं केस लढून गारखेड्यातल्या एका सरकारी कचेरीला रॅम्प बांधायला लावला. उद्घाटनाला त्या पोचल्या, तर रॅम्पभर मोराची रांगोळी!

शिपाई रामेश्वर आडवा आला. "ताई, साहेब फीत कापेस्तोवर चाक घालू नका, मोर पुसंल. तवर आमी चौघं तुमाला पायऱ्यांवरून उचलून नेतो की!"

दिपालीताईंचं डोकंच फिरलं. "कुणी उचलू नये म्हणून तर भांडले ना मी!" म्हणत त्यांनी चाकं थेट पिसाऱ्यात घातली. फीत तटकन तुटली. साहेबांच्या टेबलापर्यंत गालिच्यावर हिरवे-जांभळे पट्टे उमटले.

साहेब ओरडले, "हे काय?"

"रॅम्प वापरल्याचा पुरावा," दिपालीताई म्हणाल्या. "गालिचा गुंडाळा आणि फायलीला जोडा."