शिवीला एक गुलाब

मेडशीत रुख्मिणीच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर तीन एकरांची राखण तिनं नुसत्या जिभेच्या जोरावर केली होती. म्हणून शेजारच्या शालिग्रामानं ट्रॅक्टर घालून दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोरला आणि तो तिच्या वावरात दोन हात आत घुसला, तेव्हा ती अनवाणीच तिथं पोचली.

"मुर्द्या, तुह्या बापाचं वावर हाय काय?"

एरवी शालिग्राम चळचळा कापला असता. आज त्या नालायकानं दात काढले आणि खिशातून मोबाईल काढला.

"वैनी, थांबा, तोंड इकडे करा. हां, आता द्या. तुमच्या हरीओमले शिवीमागं एक गुलाब भेटते म्हनते. मले बी भेटू द्या!"

तिला काही कळेना. मग त्यानंच दाखवलं. पडद्यावर कालचा व्हिडिओ, त्यात तिचीच चूल, आणि पदर खोचून पोटच्या पोरावर ओरडणारी ती. खाली कुठल्या कुठल्या शहरांतले रिकामटेकडे हसून लोळत होते. 'काकूला अजून चिडव', असं लिहून गुलाबांची चित्रं पाठवत होते, आणि त्या प्रत्येक गुलाबाचे पैसे हरीओमला मिळत होते. म्हणून पोरगा मुद्दाम भाजीला नावं ठेवायचा, मुद्दाम दूध उतू जाऊ द्यायचा. वर तिला सांगायचा, "माय, लोक तुहा सैपाक पाहून राह्यले." आणि ही बाई महिनाभर फोनसमोर धुवट लुगडं नेसून बसत होती!

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण तोंड उघडलं असतं तर शालिग्रामाचंच फावलं असतं. जन्मात पहिल्यांदा ती शिवी गिळून परतली.

घरी हरीओम फोन उभा करून बसलाच होता. दुपारच्या जेवणाला फोनवर थेट बघणारे जमले होते. तिनं ताट वाढलं. त्यानं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"माय, हे वरन हाय का गढूळ पानी?"

रुख्मिणीनं डोक्यावरून पदर घेतला.

"चुकलं आमचं, हरीओमराव. तुमाले दुसरं काही करून देऊ का?"

हरीओमचा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षांत माय त्याला कधी 'तुमी' म्हणाली नव्हती. काकू आजारी आहे का, असं बघणाऱ्यांतल्या एकदोघांनी विचारलं, मग सगळे कंटाळून निघून गेले. त्यानं फोन पालथा घातला.

"माय, अशी काहून बोलून राह्यली?"

"शालिग्रामानं धुरा कोरला. त्याच्याशी भांडाले आता तुमीच जा. माह्या रागाले आता गावात कोणी भेत नाई. तुमी त्याचा तमाशा केला."

हरीओमनं तिचे पाय धरले. "चुकलो माय. मार मले. एक शिवी तरी दे."

"पाव्हन्याले कोणी शिव्या देते का?" ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी वरण वाढलं. "जेवा."