नालीच्या तोंडाशी

जाळीच्या दोन दोऱ्यांत अडकलेला झेंडू अजून पिवळाच होता... बाकी सगळं काळं पडलेलं, हार, दुर्वा, बेल, आणि त्याखाली कुठंतरी रूपालीची जाळी. साहेबांचा फोन सकाळीच आला होता : संध्याकाळपर्यंत काढून टाका. जणू भिंतीवरचं पोस्टर!

पैठणहून मासेमारीची जुनी जाळी तिनंच आणली होती, गुलमंडीतल्या या पावसाळी नालीवर उन्हात उभं राहून बसवून घेतली होती. महागडी यंत्रं नकोत, रस्त्यावरचं प्लॅस्टिक इथंच अडेल, खाम नदीत जाणार नाही – एवढी साधी गोष्ट – आणि अडलंही होतं की! मागच्या पावसात पोतंभर पिशव्या निघाल्या, तेव्हा रूपाली, महापालिकेची इंजिनिअर, रिक्षात एकटीच हसत घरी गेली होती. काल मात्र पाणीच अडलं आणि समोरच्या फॉल-पिकोच्या दुकानात शिरलं.

“लोकांच्या साड्या भिजल्या ना ताई. काय सांगू आता त्यांना?” दुकानाच्या मालकीण सत्यभामाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. आवाजात भांडण नव्हतं. तेच रूपालीला सोसेना.

“इथं निर्माल्य कोण टाकतं, काकू?”

“सगळ्याच टाकतो. देवाची फुलं कचऱ्याच्या गाडीत टाकायची व्हय? तुम्हीच म्हणला होता, इथून नुसतं चांगलं पाणी नदीला जातंय.”

म्हणाले होते... दारोदार फिरून, घसा कोरडा करून म्हणाले होते मी. आणि या बायांनी नालीचीच नदी करून टाकली! करायला गेले गणपती, झाला मारुती. चिडायचं तरी कुणावर – त्यांनी विश्वास ठेवला होता, ऑफिसात कुणी ठेवला नव्हता तेवढा. झाडणारेसुद्धा देवाचं म्हणून बाजूनं झाडून गेले होते. शेजारी निर्माल्याची एक टोपली ठेवली असती तर... पण साहेबांना आता टोपलीचं कोण सांगणार?

निदान फुलं तरी काढू, जाळी मोकळी दिसली तर साहेब ऐकतील कदाचित. तिनं हातमोजे चढवले, कुजक्या फुलांचा लगदा उचलला.

“टाका मॅडम,” शेजारी गाडी उभी करून घंटागाडीवाला म्हणाला.

आणि तिचा हात, घाण गळणारा, आपसूक कपाळाकडे निघाला... अर्ध्यावर थांबला. गाडीत उष्टं, फाटकं, सांडलेलं सगळं होतं; त्यावर ओंजळ काही रिकामी होईना. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. रूपालीला साहेबांचा राग येईना, बायांचा येईना. नुसती भीती वाटत होती – मलाच हे टाकता येत नाही, याची.