दाराखालचा लांबोबा

मी एक जुना लोड आहे. टेकून बसायचा लोड नव्हे हं, मित्रांनो. मला पाठ टेकून कुणी कधी ऐसपैस बसलेलं नाही. मी दाराखालचा लोड. दाराच्या खालच्या फटीला चिकटून आडवं पडायचं आणि बाहेरच्या गार वाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. लोळून पोट भरणारा घरात हा एकटाच, असं सगळे मला चिडवायचे.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरी झाला. जिन्याच्या टोकाला एकच लांबट खोली होती. तिच्यातच शिवणयंत्र, गिऱ्हाइकांची कापडं, खाट आणि स्वयंपाकाचा ओटा. हिवाळा आला की वारा जिना चढून वर यायचा आणि दाराखालून आत शिरायचा. यंत्राशी बसलेल्या शिंप्याचे पाय आधी गारठायचे, मग बोटं. सुईत दोरा ओवता ओवता बिचारा मेटाकुटीला यायचा. शेवटी एक दिवस त्याच्या बायकोने त्याचीच विरलेली लोकरी पँट घेतली, तिचा एक पाय कापला, त्यात कात्रणं आणि चार ओंजळी वाळू भरली आणि दोन्ही तोंडं शिवून टाकली. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने मला बटणांचे दोन डोळे लावले, एक काळा आणि एक तपकिरी, आणि माझं नाव ठेवलं लांबोबा. तिला स्वतःला घरात बटण म्हणत. चेहऱ्याने गोल होती आणि सारखी कुठेतरी हरवायची.

"अगं, आज पाय माझेच आहेत असं वाटतंय," त्या संध्याकाळी शिंपी बायकोला म्हणाला. ते ऐकून मी असा फुगलो की माझी शिवण उसवते की काय असं मला वाटलं.

दर वर्षी थंडीच्या तोंडावर तिघं मिळून खिडकीच्या फटींवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवायची. खिडकी कागदाने सांभाळायची आणि दार मी. पण एक नियम होता, आणि तो बटणच्या आईचा होता. शिंप्याची इस्त्री कोळशाची. तिच्यासाठी शेगडी पेटायची ती बाहेर, जिन्याच्या माथ्याशी. फार कडाक्याची थंडी असली तर ती थोडा वेळ आत यायची. तेव्हा आई बजावायची, "शेगडी आत, तर लांबोबा बाजूला. कोळसा आधी खोलीतली हवा खातो, मग माणसं. त्याला ना धूर, ना वास."

"खिडकीला पट्ट्या चिकटवायच्या आणि दाराखालून वारा घ्यायचा. तुझ्या आईचं गणितच न्यारं," शिंपी मुलीला म्हणायचा. पण शेगडी आत आणली की न चुकता मला पायाने बाजूला सारायचा.

माझ्यात एक मोठी खोट होती. घरातले सगळे बाहेर गेले की मला दाराशी लावायला आत कुणी उरायचं नाही, आणि परत येईपर्यंत खोली बर्फासारखी गार झालेली असायची. दहा वर्षांच्या बटणने त्यावर तोड काढली. माझ्या शेपटाला तिने एक नाडी शिवली. दार ओढून घेतलं की नाडी फटीतून बाहेर राहायची. बाहेरून ती ओढली की मी सरकत येऊन दाराला घट्ट बसायचो. मग नाडी चौकटीच्या खिळ्याला बांधून टाकायची. शिंप्याने महिनाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही करामत दाखवली. मापं राहिली बाजूला, आधी लांबोबा बघा.

बटणची गाठही तिच्यासारखीच. तीन फासांची, एकात एक अडकवलेली. ती तिला सोडून कुणालाच सुटायची नाही. "गाठ बांधतेस की कोडं घालतेस?" असं म्हणत आई तिलाच हाक मारायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं, मित्रांनो.

बटण चौदा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शिंपी दोन दिवस तापाने पडून होता. एका दवाखान्याचे पडदे शिवून झाले होते, ते पोचवायला आई सकाळीच गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. शिंप्याला हुडहुडी भरली, तेव्हा तो उठला, बाहेरची पेटलेली शेगडी आत घेतली, नियमाप्रमाणे मला पायाने सारलं आणि पुन्हा पांघरुणात शिरला.

मधल्या सुट्टीत बटण शाळेतून धावत घरी आली. तिने बाबांना गरम दूध दिलं. शेगडीकडे पाहिलं, तर कोळशांवर राखेची जाड साय धरलेली.

"बाबा, शेगडी विझलीय."

"असू दे गं. तू जा, उशीर होईल तुला," तो अर्धवट झोपेत म्हणाला.

त्याचे पाय पांघरुणाबाहेर आले होते. तिने ते झाकले, हात लावून पाहिला, गारच होते. विझलेल्या शेगडीला नियम कसला? तिने मला दाराजवळ आणून ठेवलं, बाहेर पडली, दार ओढून घेतलं आणि नाडी होती नव्हती ती ताकद लावून ओढली. मग तिची ती तीन फासांची गाठ मारली. एवढी घट्ट गाठ तिने कधीच मारली नव्हती. बाबांवर फार जीव होता तिचा.

राखेखाली कोळसा जिवंत होता. आणि मी, मित्रांनो, त्या दुपारी माझं काम अगदी चोख केलं. वाऱ्याची एक झुळूक आत येऊ दिली नाही. शिंपी दोनदा खोकला, मग शांत झाला. मला वाटलं, ऊब लागली, गाढ झोप लागली. मला बरं वाटलं. हे कबूल करताना आजही माझी मान खाली जाते.

शाळा सुटायच्या थोडं आधी आई आली. तिने हाक मारली, उत्तर नाही. गाठ सोडवू लागली, गाठ सुटेना. पिशवीतली कात्री काढून तिने नाडी कापली आणि मला ढकलत दार उघडलं. खिडकी उघडताना कागदाच्या सगळ्या पट्ट्या टराटरा फाटल्या. शेजारचे काका डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी शिंप्याची नाडी पाहिली आणि त्याचा हात हळूच खाली ठेवला.

"खोली एवढी बंद कोणी केली होती?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात जिन्यावर बटणची पावलं वाजली. आई चटकन दाराशी गेली. खिळ्यावर लटकत राहिलेली गाठ तिने ओढून काढली आणि मुठीत धरली. "मीच केली," ती म्हणाली. "दुपारी मी मध्येच येऊन गेले. यांना थंडी वाजत होती, म्हणून जाताना लोड लावला."

बटण दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, तो तर मी..."

"तू लावलेला मी काढला होता. मग पुन्हा मीच लावला. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

बटण गेल्यापासून आता आई येईपर्यंत त्या दारात कुणीही आलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? माझं तोंड आईनेच शिवलेलं.

त्यानंतर आईने काय काय ऐकलं ते विचारू नका. "नियम सांगणाऱ्यानेच असं करावं का हो, वहिनी?" असं म्हणून बटणच्या आत्याने येणं-जाणं टाकलं. मला माळ्यावर फेकण्यात आलं. तिथून मला सगळं दिसायचं. एकोणीस वर्षांची बटण एकदा रागाच्या भरात म्हणाली, "नियम तुझाच होता ना, आई? एक दिवस पाळला असतास तर बाबा असते." आई शिवत होती. "हो गं," एवढंच म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला. पुढे बटण नोकरीसाठी परगावी गेली. पत्र यायचं, ती क्वचित यायची.

या हिवाळ्यात ती आली, दोन दिवसांसाठी. तिचेही केस आता पिकू लागले आहेत. आईच्या स्वेटरचं एक बटण तुटलं होतं, ते लावायला म्हणून तिने बटणांचा जुना डबा उपडा केला. तळाशी कागदात गुंडाळलेला नाडीचा एक तुकडा निघाला. एक टोक कात्रीने कापलेलं. आणि मधोमध तीन फासांची गाठ, जशी मारली होती तशीच घट्ट.

बटणने गाठीचा एकेक फास बोटांनी चाचपून पाहिला.

"आई, ही गाठ कुणी सोडलीच नव्हती."

"तुझी गाठ मला कधी सुटली होती? कापावी लागली."

"म्हणजे दुपारी तू आलीच नव्हतीस."

आईने चष्मा काढून पदराने पुसला. "चौदा वर्षांची होतीस गं तू."

"आणि मी तुला नाही नाही ते बोलले."

"मला पेललं ते. तुला नसतं पेललं."

बटणने आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ती लहान मुलीसारखी रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. आईही रडत होती. मी तर नुसत्या वाळूचा आणि कात्रणांचा, पण त्या दिवशी मलाही भरून आलं.

संध्याकाळी वारा सुटला. आई म्हणाली, "पाय गार पडले गं." बटणने माळ्याकडे पाहिलं. स्टुलावर चढून तिने मला खाली काढलं, धूळ झटकली. माझा तपकिरी डोळा केव्हाच पडला होता. मग तिने आईची कात्री घेतली, माझं एक तोंड उसवलं, मूठभर वाळू काढून टाकली आणि मला दोन बोटं आखूड करून पुन्हा शिवलं. नाडी काही तिने लावली नाही.

मित्रांनो, थंडीत खिडक्यांना पट्ट्या लावा, लोड शिवा, एकमेकांचे पाय झाका. पण निखारे घराबाहेरच राहू द्या, आणि राख दिसली म्हणून विस्तव विझला असं समजू नका. तो विझला का हे ज्याला सांगता आलं असतं, तो त्या दिवशी झोपला होता.

आता मी पुन्हा त्याच दाराशी पडून असतो. एका बाजूला दोन बोटं फट राहतेच, तिथून वारा येतो आणि आई पायात मोज्यांचे दोन जोड घालते. माझं काम आता अर्धवटच होतं. पण त्यासाठी या घरात मला कुणी बोल लावत नाही.